अंबूबाई किती वर्षांची?

महादेवरावांच्या घरात एक गोष्ट हसण्यावारी चालायची, की त्यांची बायको त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी आहे. खरं म्हणजे अंबूबाई लग्न होऊन पिंपळगाव राजा या गावात आली तेव्हा तिला स्वतःच्या दोन वेण्या घालता येत नव्हत्या आणि महादेवरावांना चांगलं मिसरूड फुटलेलं होतं. पण गावच्या शाळेत आधार कार्डाचा कॅम्प लागला तेव्हा महादेवरावांकडे शाळेचा दाखला होता, अंबूबाईकडे काहीच नव्हतं. ती थेट वाफ्यातून उठून आलेली. हाताला माती, केस सुटलेले, पदर कमरेला खोचलेला. यंत्रापुढे बसलेल्या मुलाने विचारलं, "आजी, वय किती?"

"तुले दिसते तेवढं लिही बाप्पा. माही मेथी उन्हात पडली आहे."

त्याला जेवढं दिसलं तेवढं त्याने लिहिलं. तेव्हापासून कागदोपत्री अंबूबाईचा जन्म एक जानेवारी एकोणीसशे अठ्ठेचाळीसचा झाला आणि महादेवरावांचा पन्नासचा. महादेवराव चारचौघांत म्हणायचे, "मोठ्या घरची नाही भेटली, पण मोठी बायको भेटली." अंबूबाई पदर तोंडाला लावून हसायची. कार्ड डब्यात आणि डबा फळीवर. कार्डाला कोण विचारतं?

विचारायची वेळ आली ती दोन वर्षांपूर्वी, कार्डावर पंच्याहत्तर भरले तेव्हा. एसटीचा प्रवास फुकट झाला. अंबूबाईला आधी मौज वाटली. मग हळूहळू काय झालं ते तिलाही कळलं नाही. खामगावला चपलांच्या दुकानात दुकानदार म्हणाला, "आजी, हा जोड घ्या, पाच वर्षं हलत नाही." ती म्हणाली, "मंग मले कायले? दोन वर्षांचा दाखव." सून दीपमालाने परसात लिंबाचं रोप आणलं, तर म्हणाली, "लाव, तुह्यासाठी लाव." चष्म्याचा नंबर वाढला होता, तो बदलला नाही. असा हिशेब तिने पूर्वी कधी केला नव्हता. कार्डाने तिला आकडा दिला आणि तो आकडा तिच्या बोलण्यात येऊन बसला.

म्हणून ती उदास झाली होती असं मात्र नाही. अंबूबाई मुळात चांगलंच ऐकणारी बाई. पाऊस गेला तर म्हणायची, कीड तरी मेली. भाव पडला तर म्हणायची, गिऱ्हाईक तरी वाढलं. विहिरीजवळचा अर्धा एकर तिचा. कागदावर नव्हे, वहिवाटीने. त्यात मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, पालक, थोडी वांगी. बाकीच्या शेतात मुलगा शेखर काय पेरतो ते ती विचारायची नाही, आणि या अर्ध्या एकरात त्याने काय पेरावं हे तिला कोणी सांगायचं नाही. आठवडी बाजारात तिच्या सांभाराच्या जुड्या आधी संपायच्या, कारण ती मुळं धुऊन, दोराने नाही तर केळीच्या सोपटाने बांधून आणायची.

मग गुडघे गेले. आधी डावा, मग उजवा. मेथी खुडायची तर उकिडवं बसावं लागतं, आणि अंबूबाई बसली की उठेना. यंदा होळी झाल्यावर शेखर सरळ म्हणाला, "माय, आता बस झालं. मृगात मी त्या अर्ध्या एकरात सोयाबीन टाकतो."

"अन् मी?"

"तू बस ना निवांत."

"बसताच तं येत नाही मले," अंबूबाई म्हणाली, आणि सगळे हसले. गुडघे दुरुस्त झाले तर वाफा राहील, नाहीतर सोयाबीन. एवढं तिला पक्कं समजलं. त्यापुढचं काही समजेना.

मायलेक बुलढाण्याला हाडाच्या डॉक्टरांकडे गेले. नात प्रतीक्षा तिथेच कॉलेजात शिकते, ती स्टँडवर घ्यायला आली. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला. गादी झिजली आहे, हाडाला हाड लागतंय, म्हणाले. मग केसपेपर पाहिला. "वय सत्त्याहत्तर. हं. सत्तरच्या आसपास असतं तर मी म्हटलं असतं, करून टाका. सत्त्याहत्तरला ऑपरेशन होत नाही असं नाही, पण घरी नीट बोला. रक्त, हृदय, साखर, सगळं तपासू. मग ठरवू."

घरी आल्यावर महादेवरावांनी विचारलं, "काय म्हणे डाक्टर?"

"म्हणे छाती एकदम साफ आहे."

"माय!" शेखर म्हणाला, "तो अर्धा तास बोलून राह्यला होता. त्यातलं एवढंच ऐकलं काय तू?"

प्रतीक्षा सुट्टीत सोबतच आली होती. ती म्हणाली, "आजीची चूक नाही बाबा. आमच्या मानसशास्त्राच्या मॅडम सांगत होत्या. माणूस म्हातारं झालं की वाईट बातमी डोक्यात कमी शिरते, चांगली बरोबर शिरते. मेंदूच तसा होते म्हणे."

अंबूबाई भाकरी थापता थापता थांबली. "म्हंजे मी येडी होऊन राह्यली काय वं?"

"नाही गं. तसं सगळ्याइचंच होते."

"मंग हे चांगलं आहे का वाईट?"

प्रतीक्षाने जरा विचार केला. "ते परीक्षेत नव्हतं विचारलं."

त्या दिवसापासून अंबूबाईच्या मागे एक भुंगा लागला. आजवर तिला वाटायचं, देवाने आपल्याला समाधानी स्वभाव दिला. आता वाटू लागलं, की स्वभाव कसला, कान म्हातारे झाले असतील. देवघरातल्या महाराजांच्या फोटोपुढे उदबत्ती लावताना ती रोज म्हणायची, "ठेवलं तसं राहू." आता म्हणताना अडखळली. ठेवलं कसं आहे, हेच आपल्याला नीट दिसत नसलं तर?

आणि दुसरी गोष्ट. डॉक्टर म्हणाले, सत्तर असतं तर. मग सत्तर नाही कशावरून? तो आकडा तर त्या यंत्रावरच्या पोराने नजरेने लिहिलेला. अंबूबाईला स्वतःचा जन्मदिवस ठाऊक होता. आई सांगायची, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, बैलांच्या गळ्यातल्या माळा सुकल्या नव्हत्या तेव्हा तू झाली. दिवस असा लख्ख ठाऊक. साल मात्र आईने कधी सांगितलं नाही आणि तिला कोणी विचारलं नाही.

"मी माह्या माहेरी जाऊन येतो," तिने जाहीर केलं. "पाहून येतो मी कितीची हाओ ते."

"जा बापा," महादेवराव म्हणाले. "अन् माह्याहून लहान निघाली तं लेखी आण. गावात दाखवतो."

माहेर जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. प्रतीक्षाला बरोबर घेऊन ती नांदुऱ्यावरून गेली. भाऊ गुलाबराव एसटीत ड्रायव्हर होता, आता निवृत्त. तो तिच्याहून लहान, म्हणून तिला वाटलं त्याच्यावरून मोजू. चहा झाला, पोहे झाले. मग तिने विषय काढला.

"त्यात काय," गुलाबराव म्हणाला. "मी कागदावर अडुसष्ट."

"अन् खरा?"

"खरा सहासष्ट. नाहीतर पासष्ट. भरतीच्या वेळी बाबानं वय वाढवून लिहिलं होतं ना. किती वाढवलं ते बाबालेच माहीत."

"बरं. मी तुह्याहून कितीनं मोठी?"

"पाच."

"पाच? माय तं तीन म्हणे."

गुलाबरावने रिकामी बशी बाजूला सरकवली. "मधात एक गेलं ना बाई. मायनं त्याले कधी मोजलं नाही. ते धरलं तं पाच, नाही धरलं तं तीन."

प्रतीक्षा मोबाईलवर बेरीज करत होती, ती थांबली. त्या मधल्या भावाचं नावसुद्धा अंबूबाईला आठवत नव्हतं. आपलं वय काढायला आलो आणि हे काय निघालं, असं तिला झालं.

मग शाळा. सकाळची शाळा होती. मुख्याध्यापिका बाई तरुण आणि हसऱ्या. त्यांनी कपाटातून जुनं दाखल-खारीज रजिस्टर काढलं, फडक्याने पुसलं आणि दहा मिनिटांत नाव सापडलं. अंबू रामराव. जन्म एक जून एकोणीसशे बावन्न.

अंबूबाईचा चेहरा उजळला. "म्हंजे बहात्तर! जूनमधी त्र्याहत्तर!"

"थांबा मावशी," बाई म्हणाल्या. "या पानावर अकरा पोरं आहेत. अकराही एक जूनची आहेत."

"सगयी एकाच दिवशी झाली?" प्रतीक्षाने विचारलं.

"मास्तर लिहायचे तशी. पोर सहा वर्षांचं दिसलं की सहा वर्षं मागे जायचं आणि एक जून टाकायचा."

"अन् सहाचं दिसलं हे कसं कळे?"

ते अंबूबाईला ठाऊक होतं. उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डावा कान धरायचा. कानाला बोटं लागली की पोर सहाचं झालं, असा तेव्हाचा कायदा. हे सांगता सांगता तिला काहीतरी आठवलं आणि ती एकदम ओशाळली. "पण बाई, माही बोटं पुरली नव्हती. मी जराशीक मान वाकडी केली होती."

मुख्याध्यापिका इतक्या हसल्या की वर्गातली पोरं दारात येऊन उभी राहिली. "म्हणजे सहा पुरी नव्हती तुम्ही! घ्या, अजून एक वर्ष कमी."

परतताना अन्नपूर्णाबाईकडे डोकावणं भागच होतं. अन्नपूर्णाबाई बालपणीची मैत्रीण, गावातच दिलेली, ओट्यावर गहू निवडत बसलेली. दात एकही नाही, आवाज मात्र खणखणीत. अंबूबाईने मान वाकडी केल्याचं सांगितलं तर ती म्हणाली, "ते दुसऱ्या साली वं! पह्यल्या साली तुले मास्तरनं वापस पाठवलं होतं. हात आखूड तुहे. रडत रडत घरी गेली होती, शेंबूड इथवर."

"खरं सांगतं काय?"

"मी सोबत होती ना. माहा हात पुरला, तुहा नाही पुरला."

"म्हंजे एक वर्ष वाढलं," प्रतीक्षा म्हणाली.

"मंग तू किती वर्षांची अन्नपूर्णे?" अंबूबाईने विचारलं. "तू जेवढी, तेवढीच मी."

"मी? मी नव्वद सांगते."

"नव्वद!"

"मंग! सत्तर सांगतलं तं लोकं म्हणतात, एवढ्यातच दात पडले? नव्वद सांगतलं तं म्हणतात, वा, काय टणक बुढी आहे, अजून गहू निवडते! लग्नात पह्यल्या खुर्चीवर बसवतात मले. वय सांगाव तं वाढवून सांगाव बाई. कमी करून काय भेटते?"

अंबूबाईला हसूही आलं आणि डोकंही धरावंसं वाटलं. वय कमी व्हावं म्हणून ती इतक्या लांब आली होती, आणि इथे ही बाई खुशाल वीस वर्षं वाढवून मजेत बसली होती.

परतीच्या बसमध्ये कंडक्टर आला. अंबूबाईने कार्ड हातात धरलं, पण पुढे करेना. "दादा, अर्धं तिकीट दे."

"कार्ड दाखवा आजी." त्याने पाहिलं. "सत्त्याहत्तर. तुम्हाले फुकट आहे."

"ते माहं खरं वय नाही."

"मंग खरं किती?"

"ते बी माहीत नाही."

कंडक्टरने यंत्र खाली घेतलं. मागचे दोघे पुढे वाकून ऐकू लागले. "मंग मी तिकीट कोणत्या वयाचं काढू आजी?"

"तेच तं पाहून राह्यली मी. दोन वर्षं फुकट फिरली, अन् खरी पंच्याहत्तर झालीच नसली तं? देवाले काय सांगू?"

"देवाले म्हणा कंडक्टरनं सांगतलं," तो म्हणाला आणि फुकटाचं तिकीट काढून तिच्या हातावर ठेवलं. "तुमचं ठरलं की आम्हाले कळवा."

घरी आल्यावर सगळं आणखीच गुंतलं. ज्याला जे हवं त्याने ते वय उचललं. शेखरला ऑपरेशनची भीती. तो म्हणाला, कार्ड ते कार्ड, सत्त्याहत्तर. दीपमालाच्या पाठीवर गेलं वर्षभर वाफ्याचं ओझं आलेलं, तिला सासू उभी व्हायला हवी होती. ती म्हणाली, "आत्याबाई, गुलाबमामा सांगतात तेच खरं. तुम्ही सत्तरच्या वर नाहीच." महादेवरावांना सत्तर, एकाहत्तर काहीही चालणार होतं, फक्त त्यांच्या पंच्याहत्तरच्या खाली पाहिजे. आणि प्रतीक्षाने वहीत चार आकडे लिहून ठेवले होते, त्यातला एकही दुसऱ्याशी जुळत नव्हता.

"तुले स्वतःले किती वाटते आजी?" तिने विचारलं.

अंबूबाईने खरंच मनात पाहिलं. चपला घेताना सत्त्याहत्तर वाटलं होतं. शाळेच्या दारात बहात्तर वाटलं होतं, तेव्हा पायरीसुद्धा झरकन चढली होती, गुडघा तोच असून. भावाने मधल्या भावाचं सांगितलं तेव्हा खूप खूप जुनं वाटलं होतं. "वेगयंवेगयं वाटते," ती म्हणाली. "घटकेत असं, घटकेत तसं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोणाला न सांगता वाफ्यात गेली. कोवळी मेथी हातभर पसरली होती. तिने मनाशी ठरवलं, आज वाईटच पाहायचं, बरं काही शोधायचंच नाही. ती उकिडवी बसली. दहा-बारा काड्या खुडल्या. गुडघ्यात सुरी फिरल्यासारखं झालं. उठायला गेली तर पाय उचलेनात. हात टेकले, माती धरली, पुन्हा जोर लावला. नाही. सूर्य वर आला तेव्हा दीपमालाला ती तशीच बसलेली दिसली, मुठीत मेथी.

दीपमालाने काखेत हात घालून तिला उभं केलं. "सांगायचं तरी होतं आत्याबाई."

"मले वाटलं, उठता येईन."

हे बोलताच तिच्या लक्षात आलं, की वाईट पाहायला म्हणून बसली तरी मनात वाटत हेच होतं, उठता येईल. तिला स्वतःचाच राग आला. मग रागाचंही हसू आलं. फोटोपुढे जाऊन ती एवढंच म्हणाली, "महाराज, तुम्हाले सगयं माहीत आहे. पण तुम्ही सांगत नाही."

पुढच्या आठवड्यात तपासण्यांचे कागद घेऊन सगळे बुलढाण्याला गेले. महादेवरावही आले, धोतर-टोपी घालून, लग्नाला निघाल्यासारखे. डॉक्टर कागद चाळत होते. अंबूबाईने हात जोडले.

"डाक्टरसाहेब, आधी वाईट काय आहे ते सांगा. चांगलं मले आपोआप ऐकू येते."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी खरंच सांगितलं. जखम चिघळू शकते. पायात रक्ताची गाठ होऊ शकते. पहिले दोन महिने दुखेल, रडायला येईल. व्यायाम रोज करावा लागेल, कंटाळा चालणार नाही. आधी डावा करू, उजव्याचं वर्षभराने पाहू. अंबूबाई एकेक बोट दुमडत ऐकत होती. प्रतीक्षा वहीत लिहीत होती.

"आणि चांगलं?" महादेवरावांना राहवेना.

"रक्त चांगलं, हृदय चांगलं, साखर नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांची हरकत नाही."

"पण साहेब," अंबूबाई म्हणाली, "मी सत्तर का सत्त्याहत्तर, ते नाही समजलं. माहेरपर्यंत जाऊन आली."

"मलाही नाही समजलं. हे कागद चांगले आहेत, त्यावर चालेल. मला सांगा, गुडघा बरा झाला तर तुम्हाला काय करायचंय?"

"मेथी खुडायची."

"उभ्याने?"

"उभ्यानं मेथी कशी खुडता येईन? उकिडवं बसून."

डॉक्टरांनी मान हलवली. "ते नाही होणार आई. चालाल, जिना चढाल, बाजारात जाल. पण नव्या गुडघ्याने उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही. सत्तर असा की सत्त्याहत्तर."

अंबूबाईचं एक बोट दुमडायचं राहिलं होतं, ते तसंच वर राहिलं. तीन आठवडे ती ज्याच्या मागे धावली होती तो आकडा कोणी विचारतच नव्हतं. मेथीचं मात्र कोणी आधी बोललं नव्हतं. तिनेही नाही.

बाहेर बाकावर सगळे बसले. शेखर हळू आवाजात म्हणाला, "माय, मंग कायले करायचं? वाफा तं तसाबी जातेच." दीपमाला पदराचं टोक पिळत होती. महादेवराव भिंतीवरचं हाडांचं चित्र पाहत होते. अंबूबाईच्या मनात मेथी गेली, सांभार गेला, पालक गेला. बसून खुडायचं ते सगळंच गेलं. ती नुसती समोर पाहत बसली.

मग तिचे ओठ हलू लागले. "दोडकं," ती म्हणाली. "कारलं. वालाच्या शेंगा. चवळी नाही, चवळी खाली लोळते. दुधी चालते."

"आजी?" प्रतीक्षा घाबरली.

"माय, पाणी देऊ काय?"

"पाणी नोको. मांडव घालायचा, शेखर. वर वेल चढवायचा. शेंगा लोंबतात खाली, डोयासमोर. उभ्यानं तोडाव." तिने हात वर करून तोडून दाखवलं. "दोडकं माह्या हातचं कधी कोणी नावाजलं नाही. पण येते मले."

"म्हंजे करायचं ऑपरेशन?"

"करायचं."

"पक्कं ना?"

अंबूबाईने प्रतीक्षाकडे पाहिलं. "मी पुन्हा चांगलंच तं नाही ना ऐकून राह्यली वं? ते वाईट सगयं वाचून दाखव बरं मले."

प्रतीक्षाने वहीतून सगळं वाचलं. जखम, गाठ, दोन महिने, रडायला येईल. अंबूबाईने एकेक ऐकलं, तोंड गंभीर करून, नीट. तिला भीती वाटली, खरीखुरी. ती भीती आली याचं तिला जरा बरंही वाटलं. आणि तरी दोडकं काही मनातून जाईना.

"करायचं," ती म्हणाली.

अखजी, म्हणजे अक्षय तृतीया, झाल्यावरची तारीख ठरली. आदल्या आठवड्यात शेखर मांडवाचं सामान पाहायला खामगावला गेला आणि दुकानातूनच त्याने फोन लावला. दीपमालाने फोन स्पीकरवर टाकून सासूपुढे धरला.

"माय, बांबू तीन वर्षं टिकते म्हणे. लोखंडी अँगल घेतले तं वीस वर्षं पाहायला नोको. काय आणू?"

घरातले सगळे अंबूबाईकडे पाहू लागले. ती मनात मोजू लागली. सत्तर आणि वीस नव्वद. बहात्तर आणि वीस ब्याण्णव. सत्त्याहत्तर आणि वीस... मग मधला भाऊ धरायचा की नाही, मान वाकडी केलेलं वर्ष वजा की जमा, याच्यात ती पुन्हा हरवली. फोनवर दुकानातला गोंगाट ऐकू येत होता.

"माय? लाइनवर हाये ना?"

"अरे, दोडक्याचा वेल भरला की केवढा जड होते, माहीत आहे काय तुले? वाऱ्या-वादळात बांबू मोडते तं सगयं मातीत. अँगल आण."

"अवं, वीस वर्षांनं मी पंच्याण्णवचा होईन!" महादेवराव म्हणाले.

"मंग मांडवाखाली खाट टाकून देतो तुम्हाले. सावली राहीन."

"अन् तू?"

"मले काय माहीत?" अंबूबाई म्हणाली. "मी तं कितीची होईन तेच माहीत नाही."

फोनवर शेखर विचारत होता, खांब किती लागतील, दुकानदार थांबला आहे. अंबूबाईने भिंतीला हात लावला, डावा गुडघा कुरकुरत सरळ केला आणि उभी राहिली. "थांब म्हणा त्याले," ती दीपमालाला म्हणाली, "जागा पावलानं मोजल्याशिवाय कसं सांगू?" आणि काठी घेऊन ती विहिरीकडे निघाली.